विजयानंतरचा पहारा

युद्धाच्या कथा ऐकण्याची आवड सर्व वयाच्या माणसांस असते. कोणत्या सेनापतीनें कोणता किल्ला कसा सर केला, कोणत्या तारखेस कोणतें आरमार बुडालें, हें शाळेंतील मुलेंही तोंडपाठ सांगतात. परंतु तोफा थंड झाल्यावर परक्या मुलखांत जाऊन बसलेल्या सैन्याचें पुढें काय झालें, त्यानें तेथील लोकांशीं कसें वर्तन केलें, आणि तें तेथून केव्हां व कोणत्या मनःस्थितींत परतलें, या गोष्टींस इतिहासाच्या पुस्तकांत सहसा दोनचार ओळींपलीकडे जागा मिळत नाहीं. वस्तुतः लढाई जिंकण्यास जें शौर्य लागतें तें कवाईतीच्या मैदानावर थोडेंबहुत शिकवितां येतें. परंतु हातांत शस्त्र असतांना दुसऱ्याच्या घरांत रहावयाचें आणि तें घर त्याचेंच आहे याची आठवण क्षणभरही सोडावयाची नाहीं, हा संयम शिकविणें फार कठीण आहे.

या कमी बोलल्या जाणाऱ्या कामाविषयीं आम्ही प्रस्तुत लेखांत चार शब्द लिहिणार आहों. त्यासाठीं दूरदूरचीं उदाहरणें शोधण्याची आवश्यकता नाहीं. १९४५ ते १९५४ या नऊ वर्षांत आपल्याच देशाच्या सैनिकांवर हें काम तीन वेळां, तीन निराळ्या देशांत, तीन निराळ्या नात्यांनीं येऊन पडलें. जाव्यांत ते परक्याचे हुकूम वाहणारे शिपाई म्हणून गेले. जपानांत जेत्यांच्या पंगतीला बसून गेले. आणि कोरियांत ते दोन्ही पक्षांनीं मान्य केलेले त्रयस्थ म्हणून गेले. या तिन्ही प्रसंगांत आपल्या महाराष्ट्राच्या माणसांचा संबंध आलेला आहे. एकाच फौजेला एके ठिकाणीं अपयश, दुसऱ्या ठिकाणीं मर्यादित यश आणि तिसऱ्या ठिकाणीं जगाचा आदर मिळाला. मग फरक शिपायांत नव्हता हें उघड आहे. तो कशांत होता, हाच विचाराचा विषय आहे.

दिलेला शब्द आणि आकाशांतून पडलेलीं पत्रकें

१९४५ च्या ऑगस्ट महिन्यांत जपाननें शरणागति पत्करली, तेव्हां जावा बेट जपानी सैन्याच्या ताब्यांत होतें. जपानी येण्यापूर्वीं तेथें पिढ्यान् पिढ्या डचांचा अंमल चालत आलेला होता. शरणागतीनंतर दोनच दिवसांनीं, १७ ऑगस्ट रोजीं, सुकर्णो व हत्ता यांनीं इंडोनेशिया स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. दोस्त राष्ट्रांनीं मात्र त्या प्रदेशाचा तात्पुरता बंदोबस्त ब्रिटिशांकडे सोपविला होता. नेमून दिलेलीं कामें मुख्यतः दोन होतीं. जपानी फौजेचीं शस्त्रें काढून घेऊन तिला मायदेशीं पाठविणें हें एक, आणि जपान्यांच्या छावण्यांत खितपत पडलेल्या युद्धकैद्यांची व युरोपियन बायकामुलांची सुटका करणें हें दुसरें. कागदावर पाहिलें तर दोन्ही कामें निव्वळ उपकाराचीं दिसतात. परंतु या सैन्याच्या आडून डच अधिकारी परत येऊं पहात आहेत, ही गोष्ट जाव्यांतील लहान पोरालाही दिसत होती.

२५ ऑक्टोबर रोजीं ४९ वी हिंदी ब्रिगेड सुराबाया बंदरांत उतरली. तींत आपल्या मराठा पलटणी होत्या. ब्रिगेडचे प्रमुख मॅलबी यांनीं दुसऱ्याच दिवशीं तेथील पुढाऱ्यांशीं बोलणें करून समझोता केला. शस्त्रें काढून घ्यावयाचीं तीं जपान्यांचीं. इंडोनेशियनांच्या हातांतील शस्त्रांस हात लावावयाचा नाहीं, असें त्यांत ठरलें. गांवांत थोडा विश्वास उत्पन्न झाला. परंतु २७ तारखेस बटेव्हियांतील वरिष्ठांच्या हुकमानें आलेल्या विमानानें शहरावर पत्रकें टाकलीं. त्यांत उलट मजकूर होता: सर्वांनीं अठ्ठेचाळीस तासांच्या आंत शस्त्रें आणून द्यावीं, न दिल्यास गोळी घालण्यांत येईल!

एकाच सत्तेचीं दोन तोंडें दोन दिवसांत दोन गोष्टी बोललीं, तर लोकांनीं कोणतें तोंड खरें मानावें? त्यांनीं दोन्ही खोटीं मानलीं. २८ तारखेस सारें शहर उठलें. कैद्यांच्या छावण्या, इस्पितळें, पूल आणि कचेऱ्या यांच्या पहाऱ्यावर लहान लहान तुकड्यांनीं विखुरलेल्या शिपायांवर हजारोंचे जमाव तुटून पडले. सुकर्णोंस विमानानें आणून युद्धतहकुबी करविण्यांत आली. परंतु ती तहकुबी रस्तोरस्तीं पोंचविण्यासाठीं हिंडत असतांनाच ३० ऑक्टोबर रोजीं मॅलबी मारले गेले. त्यानंतर १० नोव्हेंबर रोजीं आरमाराच्या तोफा व विमानें यांच्या साह्यानें शहरावर मोठा हल्ला झाला, आणि ती लढाई कित्येक दिवस चालली. इंडोनेशियांत १० नोव्हेंबर हा दिवस आजही वीरांच्या स्मरणार्थ पाळला जातो.

या लढाईंत जे मराठा व राजपुताना रायफल्सचे शिपाई पडले, त्यांचें सुराबायाच्या लोकांशीं कसलें वैर होतें? साताऱ्याकडील अथवा कोंकणांतील शेतकऱ्याच्या मुलानें स्वातंत्र्य मागणाऱ्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या मुलावर बंदूक रोखावी, आणि तीही त्या दोघांहून निराळ्याच एका तिसऱ्याचा अंमल परत बसावा म्हणून, यापरतें दैवदुर्विलसित तें कोणतें! त्याच सुमारास सायगांवांतही हिंदी फौज फ्रेंचांचा अंमल परत बसविण्याच्या कामीं खर्चीं पडत होती. इतकेंच नव्हे तर शरण आलेल्या जपान्यांच्याच हातीं पुन्हां शस्त्रें देऊन त्यांना व्हिएतनामी लोकांवर सोडण्यांत आलें होतें. पंडित नेहरूप्रभृति पुढाऱ्यांनीं हिंदी सैनिकांच्या या उपयोगाचा उघड निषेध केला. १९४६ च्या अखेरीस ब्रिटिशांनीं जाव्यांतून पाय काढला. आणि शांतता राखावयास म्हणून गेलेल्या सैन्याच्या मागें तेथें नवें युद्ध उरलें.

जेत्यांचा संयम

आतां जपानकडे वळूं. २ सप्टेंबर १९४५ रोजीं टोकियोच्या उपसागरांत अमेरिकन युद्धनौकेवर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या, आणि सरसेनापति मॅकआर्थर यांचा अंमल सुरू झाला. शहरें जळून गेलेलीं, धान्याची टंचाई, परदेशांतून लक्षावधि सैनिक व नागरिक परत यावयाचे, अशा स्थितींत आठ कोटींच्या आसपास वस्तीचें राष्ट्र चालविणें हें कोणत्याही परक्या सैन्याच्या आटोक्यांतलें काम नव्हतें. म्हणून जेत्यांनीं शहाणपणाची एक गोष्ट केली. त्यांनीं बादशहास ठेविलें, प्रधानमंडळ ठेविलें, पोलिस, शाळा, टपाल, आगगाड्या हीं खातीं जपानी नोकरांच्याच हातीं राहूं दिलीं, आणि आपण हुकूम देण्याचें व देखरेख करण्याचें काम पत्करलें. घरांतील किल्ल्यांचा जुडगा घरच्या माणसाकडेच राहिल्यामुळें घरांतील व्यवहार थांबला नाहीं.

१९४६ च्या आरंभापासून या कामांत ब्रिटिश साम्राज्यांतील देशांची एक संयुक्त फौज सामील झाली. तिचें मुख्य ठाणें कुरे बंदराच्या परिसरांत होतें, सेनापति ऑस्ट्रेलियन होते, आणि अणुबाँबनें बेचिराख झालेलें हिरोशिमा शहर तिच्याच हद्दींत येत होतें. या फौजेंतील हिंदी ब्रिगेडचें नेतृत्व ब्रिगेडियर थिमय्या यांच्याकडे होतें. तींत पंजाब व गुरखा पलटणींबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती. इटलींत १९४५ च्या एप्रिलांत नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधवांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला तो याच पलटणींत असतांना. शिमाने, तोत्तोरी इत्यादि प्रांतांत या शिपायांनीं दारूगोळ्याचे सांठे शोधून नष्ट केले, परतणाऱ्या जपानी सैनिकांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेविली, आणि काळ्या बाजारावर व चोरून होणाऱ्या वाहतुकीवर नजर ठेविली. मुलकी कारभार मात्र अमेरिकनांनीं आपल्याकडेच ठेविला होता.

या फौजेस दिलेल्या सूचनांपैकीं एक आमच्या वाचकांना विशेष वाटेल. सैनिकांनीं जपानी लोकांशीं सभ्य परंतु अलिप्त वर्तन ठेवावें, त्यांच्या घरांत पाऊल टाकूं नये आणि त्यांच्या कौटुंबिक जीवनांत मिसळूं नये, असें बजावण्यांत आलें होतें. या सूचनेंत दोन्ही बाजू आहेत. परक्या शिपायानें कोणाच्या माजघरांत शिरूं नये हें योग्यच. परंतु ज्याच्या दारांत आपण वर्षानुवर्षें उभें रहाणार, त्याच्याशीं मनुष्य म्हणून दोन शब्दही बोलूं नये, हा नियम मनुष्यस्वभावाला धरून नाहीं. तो पूर्णपणें कधींच पाळला गेला नाहीं, आणि कालांतरानें तो सैल करावा लागला.

याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. १० एप्रिल १९४६ रोजीं जपानांत सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या देशाच्या स्त्रियांनीं प्रथमच मतें दिलीं आणि ३९ स्त्रिया लोकसभेवर निवडून आल्या. त्या निवडणुकीच्या वेळीं बंदोबस्तास असलेल्या परक्या फौजांत ज्या देशाचे शिपाई होते, त्या हिंदुस्थानांत त्याच वर्षीं झालेल्या प्रांतिक निवडणुकांत मताचा हक्क मालमत्ता, शिक्षण इत्यादि अटींत बसणाऱ्या थोडक्यांनाच होता! मुंबई बंदरांत फेब्रुवारींत हिंदी आरमारांतील खलाशांनीं बंड केलें होतें, तेंही त्याच वर्षीं. स्वतः परतंत्र असलेल्या शिपायानें दुसऱ्यास लोकशाहीचे धडे गिरवितांना पहात उभें रहावें, हा योग विलक्षण खरा; पण त्यांतूनच थिमय्यांसारख्या अधिकाऱ्यांस जेत्यांची बाजू आणि जितांचें दुःख या दोन्ही गोष्टी एकाच वेळीं कळल्या असाव्यात असें आम्हांस वाटतें.

जपानवरील या अंमलाचे गुणच गावे असें आमचें म्हणणें नाहीं. वृत्तपत्रांवर नियंत्रण होतें. नव्या राज्यघटनेचा मसुदा अमेरिकन अधिकाऱ्यांनीं सुमारें आठवड्याभरांत तयार करून जपानी सरकारपुढें ठेविला होता. टोकियोच्या न्यायासनापुढें युद्धगुन्हेगारांचे खटले चालले, त्यांत न्यायाधीश सर्व जेत्यांकडचे. हिंदुस्थानतर्फे बसलेले न्यायमूर्ति राधाविनोद पाल यांनीं आपल्या भिन्न निर्णयपत्रांत या न्यायाच्या मुळाविषयींच शंका घेतली, हें सर्वश्रुत आहे. तरी ३ मे १९४७ रोजीं अंमलांत आलेली ती घटना जपानी लोकांनीं पुढें आपलीच मानली, आणि कुळांस जमिनी मिळवून देणारा १९४६ चा कायदा खेडोपाडीं रुजला. याचें मुख्य कारण हेंच कीं, सुधारणा अंमलांत आणणारे हात जपानी होते, आणि परके एक दिवस जाणार आहेत याची लोकांस खात्री होती. हिंदी फौज १९४७ मध्येंच परतली. २८ एप्रिल १९५२ रोजीं परकी सत्ता कायद्यानें संपली. मात्र अमेरिकन तळ राहिले, आणि ओकिनावा तर १९७२ पर्यंत परत मिळालें नाहीं. भारतानें बहुराष्ट्रीय तहांत भाग न घेतां ९ जून १९५२ रोजीं जपानशीं स्वतंत्र तह केला आणि नुकसानभरपाईवरील आपला हक्क सोडून दिला. जेत्यांच्या पंगतींतून उठतांना ताटांतलें कांहीं पदरांत न बांधण्याचा हा मोठेपणा जपान विसरलेला नाहीं.

एक घर, चार कारभारी

येथें कोणी विचारील कीं, जपानांत जें साधलें तें युरोपांत कां साधलें नाहीं? जपानवर नांवाला अनेक राष्ट्रांची देखरेख होती; अकरा राष्ट्रांचें एक मंडळ वॉशिंग्टनमध्यें बसे आणि चौघांचें एक मंडळ टोकियोंत बसे. परंतु प्रत्यक्ष हुकूम एकाचाच चाले. जर्मनींत तसें नव्हतें. तेथें अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व रशिया यांनीं मुलूखच वांटून घेतला आणि बर्लिन शहराचेही चार भाग केले. प्रत्येक निर्णयास चौघांची संमति हवी. आणि चौघांचीं मनें तर दिवसेंदिवस दूर जात होतीं. मार्च १९४८ मध्यें रशियन प्रतिनिधि संयुक्त मंडळांतून उठून गेले, जूनमध्यें बर्लिनची नाकेबंदी झाली, आणि १९४९ मध्यें एका देशाचीं दोन राज्यें झालीं. तीं एकत्र यावयास १९९० साल उजाडावें लागलें.

यावरून चौघांचें सहकार्य अशक्यच असतें असें मात्र समजूं नये. ऑस्ट्रियाचेही असेच चार भाग झाले होते. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती भागांत तर चार राष्ट्रांचे चार शिपाई एकाच मोटारींत बसून गस्त घालीत. परंतु तेथें आरंभापासून सर्व देशाचें मिळून एकच देशी सरकार राहिलें. दहा वर्षांनंतर, १५ मे १९५५ रोजीं, तह झाला, त्या वर्षाच्या शरद् ऋतूंत चारही फौजा निघून गेल्या, आणि ऑस्ट्रियानें तटस्थ रहाण्याचें जाहीर केलें. घरांत एक मालक शिल्लक असला तर चार कारभारीही निभावतात. मालकच नाहींसा केला तर कारभारी भांडतात, आणि त्या भांडणांत घराची भिंत दुभंगते.

हिंदनगरची छावणी

तिसरा प्रसंग कोरियाचा. १९५० च्या जूनमध्यें तेथें युद्ध पेटलें. भारतानें लढाऊ फौज पाठविली नाहीं. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखालीं एक वैद्यकीय पथक मात्र पाठविलें, आणि त्यानें तेथें वर्षानुवर्षें जखमींची शुश्रूषा केली. १९५१ च्या जुलैपासून तहाचीं बोलणीं चाललीं होतीं, तीं पुढें एका प्रश्नापाशीं येऊन अडलीं. युद्धकैद्यांचें काय करावयाचें? चीन व उत्तर कोरिया यांचें म्हणणें, सर्व कैदी परत द्या. दुसऱ्या बाजूचें म्हणणें, ज्यांस परत जावयाचें नाहीं त्यांस बळानें पाठवितां येणार नाहीं. या एका वादापायीं युद्ध महिनोगणती लांबलें आणि रणांगणावर हजारों माणसें मेलीं. १९५२ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रसंघांत भारताच्या पुढाकारानें एक ठराव झाला, आणि शेवटीं त्याच धर्तीवर तोड निघाली. परत जाण्यास नाखूष असलेले कैदी पांच तटस्थ राष्ट्रांच्या मंडळाकडे सोपवावे. मंडळांत स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, झेकोस्लोव्हाकिया व भारत हे असावेत. अध्यक्ष भारताचा असावा. आणि कैद्यांवर पहारा एकट्या भारतीय सैन्याचा असावा. २७ जुलै १९५३ रोजीं शस्त्रसंधि झाली.

अध्यक्ष म्हणून गेले ते जपानांतील अनुभव घेतलेले थिमय्या, आतां लेफ्टनंट जनरल. पहाऱ्याच्या फौजेचे प्रमुख होते कोल्हापूरजवळच्या वडगांवचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. ब्रह्मदेशांत १९४५ च्या आरंभीं कांगॉच्या घनघोर लढाईंत हे दोघे एकाच ब्रिगेडमध्यें पलटणींचे प्रमुख होते. तेथें त्यांनीं शत्रूवर चालून जाण्याचें काम केलें होतें. येथें त्यांना कोणीच शत्रु नव्हता, आणि खरें पहातां मित्रही नव्हता. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनीं भारतीय सैनिकांस आपल्या भूमीवर पाऊल ठेवूं देण्यास साफ नकार दिला. तेव्हां इंचॉनच्या समुद्रांत उभ्या असलेल्या जहाजांवरून अमेरिकन हेलिकॉप्टरांनीं आपल्या जवानांस उचलून थेट दोन्ही सैन्यांमधल्या निःशस्त्र पट्ट्यांत नेऊन उतरविलें. तेथें उभारलेल्या छावणीस नांव पडलें ‘हिंदनगर’.

दक्षिणेकडून ताब्यांत आलेले कैदी साडेबावीस हजारांवर होते, त्यांत चिनी अधिक. उत्तरेकडून आलेले अवघे ३५९, त्यांत २३ अमेरिकन व एक ब्रिटिश. हे कैदी सामान्य कैद्यांसारखे नव्हते. प्रत्येक कुंपणाच्या आंत त्यांची स्वतःची संघटना होती, पुढारी होते, आणि आपल्यांतील कोणी परत जाऊं म्हणाला तर त्याचा जीव धोक्यांत होता. भारतीय आपल्याला फसवून कम्युनिस्टांच्या स्वाधीन करतील, असें त्यांच्या मनांत भरवून दिलेलें असल्यामुळें त्यांनीं आमच्या सैनिकांचें स्वागत शिव्यांनीं व दगडांनीं केलें. जवानांस मात्र सक्त ताकीद होती कीं, कैद्यास परत पाठविण्यासाठींही बळ वापरावयाचें नाहीं आणि त्यास अडविण्यासाठींही नाहीं. डोक्याला खोंक पडली असतांही रायफल खांद्यावरून न काढणें हीच येथील शौर्याची कसोटी होती.

२५ सप्टेंबर रोजीं मेजर ग्रेवाल नांवाच्या अधिकाऱ्यास चिनी कैद्यांनीं कुंपणाच्या आंत ओढून नेलें. गोळीबार केला तर शेंकडों मरणार आणि ग्रेवालही हातचे जाणार. न केला तर पहाऱ्याचा वचक जाणार. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह निःशस्त्र आंत शिरले. त्या खवळलेल्या जमावाशीं ते बोलत राहिले, आणि एकही गोळी न झाडतां ग्रेवालांस सोडवून बाहेर घेऊन आले. या कामगिरीबद्दल त्यांना पुढें अशोकचक्राची द्वितीय श्रेणी देण्यांत आली. कांगॉच्या लढाईंत मिळालेल्या त्यांच्या डी. एस. ओ. पदकाइतकेंच, किंबहुना त्याहूनही अधिक, हें पदक मोलाचें आहे असें आम्ही समजतों. सर्वच दिवस असे गेले नाहींत. ऑक्टोबरच्या आरंभीं जमाव हाताबाहेर गेला, गोळीबार करावा लागला आणि कांहीं कैदी मेले. तो डाग झांकण्याचें कारण नाहीं. निःशस्त्र जमावापुढें शस्त्रधारी उभा केला कीं हा धोका सदैव असतोच.

मंडळांतील बैठकांचा प्रकार याहून निराळा नव्हता. ठरावाप्रमाणें प्रत्येक कैद्यास त्याच्या देशाच्या प्रतिनिधींनीं भेटून, परत येण्यास हरकत नाहीं असें समजावून सांगावयाचें होतें, आणि त्यासाठीं नव्वद दिवस दिलेले होते. कैद्यांच्या पुढाऱ्यांनीं भेटींस येण्याचें नाकारलें. त्यांस ओढून आणावें असें पोलंड व झेकोस्लोव्हाकिया म्हणत. तसें केल्यास आम्ही मंडळ सोडूं असें स्वीडन व स्वित्झर्लंड म्हणत. दोन दोन मतें दोहोंकडे, आणि मधलें मत भारताचें! परिणामीं भेटी मोजक्याच दिवशीं झाल्या आणि एकंदर कैद्यांपैकीं सुमारें तीन हजारांच्याच झाल्या. ठरलेली राजकीय परिषद तर भरलीच नाहीं. तेव्हां मुदत संपत आली असतां, २० जानेवारी १९५४ पासून, थिमय्यांनीं कैदी ज्या त्या पक्षाच्या हवालीं परत करण्यास आरंभ केला. त्यांस स्वतंत्र नागरिक म्हणून जाहीर करण्याचा अधिकार आपणांस नाहीं, ही त्यांची भूमिका होती. दोन्ही पक्षांनीं दोष दिला. दोन्ही पक्षांनीं सारखाच दोष द्यावा, हेंच बहुधा निःपक्षपातीपणाचें प्रमाणपत्र असतें. ज्यांना कोणत्याच बाजूस जावयाचें नव्हतें, असे ऐंशींवर कैदी आपल्या सैन्याबरोबर जहाजानें भारतांत आले. त्यांतील कित्येक पुढें ब्राझील, अर्जेंटिना या दूर देशीं जाऊन स्थायिक झाले.

आमची फौज ठरल्या दिवसांत गेली आणि ठरल्या दिवसांत परत आली. तिनें कोणाचा मुलूख घेतला नाहीं, कोणाचें राज्य बसविलें नाहीं. कोरियाचा प्रश्न सुटला नाहीं हें खरें. तेथें शस्त्रसंधीपुढें जाऊन तह अद्याप झालेला नाहीं. परंतु ज्या गांठीपायीं माणसें मरत होतीं, ती एक गांठ सुटली.

संमतीचें बळ आणि तिची मर्यादा

कोरियाच्या अनुभवानें भारताची पत वाढली आणि पुढें अशा कामांसाठीं भारतास वारंवार बोलावणें येऊं लागलें. १९५६ मध्यें गाझाच्या सीमेवर संयुक्त राष्ट्रसंघाची फौज गेली, तींत भारतीय जवान होते. ही फौज ईजिप्तच्या संमतीनें तेथें होती. मे १९६७ मध्यें ईजिप्तनें ती संमति काढून घेतली, संघाच्या प्रमुखांनीं फौज मागें घेण्याचा हुकूम दिला, आणि ती पुरती निघण्यापूर्वींच ५ जूनला युद्ध सुरू होऊन आपले कांहीं जवान हकनाक बळी पडले. संमति हें या पहाऱ्याचें बळ आहे, तशीच ती त्याची दुबळी बाजूही आहे. थिमय्यांस १९६४ मध्यें सायप्रसमधील संघाच्या फौजेचें नेतृत्व देण्यांत आलें. १८ डिसेंबर १९६५ रोजीं तेथेंच कामावर असतांना त्यांचें निधन झालें, आणि पुढील वर्षीं सायप्रसनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. ती फौज अजूनही त्या बेटावर आहे. तात्पुरता पहारा साठ वर्षें टिकला, तर त्यानें रक्तपात थांबविला असें म्हणावें, कीं भांडण मिटविण्याची घाई कोणालाच राहिली नाहीं असें म्हणावें? प्रामाणिकपणें पाहिल्यास दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. या नाना ठिकाणच्या पहाऱ्यांत आजवर दीडशेंहून अधिक भारतीय सैनिकांनीं प्राण दिले, हें आपल्या घरांतील मुलांस ठाऊक असावयास हवें. त्यांतील कोणीही भारताच्या शत्रूशीं लढतांना मेला नाहीं.

पंचाचें काम

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं एखाद्या मोठ्या घराची वांटणी जवळून पाहिलेली असेल. भाऊ भाऊ हमरीतुमरीवर येतात, आणि मग गांवांतील एखाद्या वडीलधाऱ्या गृहस्थास पंच म्हणून बोलावतात. तो गृहस्थ शहाणा असेल तर तीन गोष्टी पाळतो. ओसरीवर एक आणि माजघरांत दुसरें असें तो बोलत नाहीं. वांटणी होईपर्यंत घरांतील चूल, गोठा आणि देवपूजा घरच्याच माणसांकडून चालवून घेतो, स्वतः कारभारी होऊन बसत नाहीं. आणि काम संपतांच, जेवणाचा आग्रह झाला तरी, आपल्या घरची वाट धरतो. यांतील एक गोष्ट चुकली कीं, पंच हाच तिसरा वांटेकरी ठरतो.

सुराबायांत पहिली गोष्ट चुकली आणि दुसरी तर मनांतच नव्हती. म्हणून शिपायाचें शौर्य व्यर्थ गेलें. जपानांत दुसरी गोष्ट पाळली गेली, तिसरी उशिरानें व अर्धवट पाळली गेली. म्हणून यश आलें पण तेंही अर्धवट. कोरियांत आपल्या माणसांनीं तिन्ही पाळल्या. म्हणून हातांत फारसें बळ नसतांही त्यांचा शब्द चालला. मोठ्या राष्ट्रांजवळ विमानें, तोफा व द्रव्य यांची वाण नसते. परंतु या कामांत त्या सामग्रीचें महत्त्व दुय्यम आहे. ज्याच्या दारांत उभें रहावयाचें त्यास आपण काय करणार आणि केव्हां जाणार हें खरें सांगावें, आणि सांगितल्याप्रमाणें वागावें, एवढेंच प्रथम लागतें.

हें बोलण्यास सोपें व आचरण्यास कठीण आहे. जगांतील अनेक ठिकाणीं आजही परक्या फौजा शांततेच्या नांवानें उभ्या आहेत. त्यांच्याविषयींचीं वृत्तें वर्तमानपत्रांत वाचतांना, त्यांच्यापाशीं तोफा किती याआधीं हेच तीन प्रश्न विचारावेत, अशी आमच्या वाचकांस सूचना आहे. त्या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे ती फौज पाहुण्यासारखी आली आहे कीं धन्यासारखी, हें समजण्यास दुसऱ्या कोणाच्या भाष्याची जरूर रहाणार नाहीं.